वर्षाचे आवडते सिनेमे निवडताना डिसेंबरच का जिंकतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वर्षाला साठ-सत्तर नवे सिनेमे पाहता. पाहून आलात की त्याच रात्री पाचपैकी स्टार देऊन वहीत नोंद करता. वर्षाअखेर या नोंदींवरून दहा आवडत्या सिनेमांची यादी करायला बसलात आणि तिथे गाडी अडली. साडेचार स्टार दिलेल्या काही सिनेमांतलं आता धड एक दृश्य आठवत नाही. तीन स्टारवर सोडून दिलेले एक-दोन मात्र डोक्यातून जायला तयार नाहीत. कशीबशी यादी झाली, तर दहातले सात ऑक्टोबरनंतरचे निघाले. त्यात मित्रांनी चेष्टा केली, की मारधाडीचा सिनेमा आणि संथ, फेस्टिव्हलवाला सिनेमा एकाच यादीत कसे नांदतात? चूक स्मरणशक्तीची, आवडीची की पद्धतीची, असं तुम्ही विचारताय. जाता जाता माझी यादीही मागितलीत.

मी बरीच वर्षं सिनेमावर लिहितो, फिल्म सोसायटीत खेळानंतरच्या चर्चा चालवतो, आणि वर्षाची यादी टाळता येत नाही म्हणून करतोच. माझ्या मते तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि आवडही. घोळ इतकाच, की रात्रीचे स्टार एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि यादी दुसऱ्याच, आणि तुम्ही पहिलं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरताय. रात्री आपण बहुतेकदा संध्याकाळ कशी गेली ते नोंदवतो. शेजारी कोण होतं, झोप किती झाली होती, हॉल हसत होता की मोबाइल चाळत होता, ट्रेलर पाहून काय अपेक्षा बांधल्या होत्या, हे सगळं त्या साडेचारात मिसळलेलं असतं. यादी करताना मात्र त्या सिनेमातलं आपल्यापाशी काय उरलं, हे शोधायचं असतं. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात आणि तरी एकमेकांशी जुळणार नाहीत.

या न जुळण्यामागे एक कारण असं आहे, की ते एकदा कळलं की पुढे प्रत्येक सिनेमात दिसायला लागतं. १९९३ साली बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनिअल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी चक्क फिल्मचे तुकडे दाखवून प्रयोग केले. काही तुकडे सुखद, काही किळसवाणे. काही आखूड, काही लांब. पाहताना क्षणाक्षणाला कसं वाटतंय ते नोंदवायचं आणि संपल्यावर एकूण मत द्यायचं. निघालं असं, की एकूण मत मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट. तुकडा किती वेळ चालला, याचा मतावर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे थिएटरमधून बाहेर पडताना आपण ज्याला 'सिनेमा आवडला' म्हणतो, त्यात शेवटच्या दहा मिनिटांचा वाटा त्यांच्या लायकीपेक्षा मोठा असतो.

विम वेंडर्स यांचा 'परफेक्ट डेज' घ्या. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, त्याची झाडं, त्याच्या कॅसेट, त्याचं रोजचं उठणं. कोजी याकुशो यांना या भूमिकेसाठी २०२३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. शेवटी गाडी चालवताना त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबून राहतो आणि त्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळत जातं. या एका शॉटच्या जोरावर माणूस बाहेर पडताना पाच स्टार देऊन मोकळा होतो. माझं मत: शॉट असामान्य आहेच, पण मधला तरुण सहकाऱ्याचा भाग ढिला आहे, आणि शेवट इतका भरून टाकतो की तो ढिलेपणा नोंदवायचा राहून जातो. सिनेमा मला आवडतो. फक्त तो किती आवडला हे त्या रात्री ठरवू नये.

उलट बाजूने चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहा. न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा अंधारतो, आणि प्रेक्षक उठायच्या तयारीत असताना सिनेमा पुढे न्यायाधीशांच्या सुट्टीवर जातो. तिथे जे घडतं ते कुठल्याही अर्थाने चढतं टोक नाही. मोठी घोषणा नाही, अश्रू नाहीत. अनेक प्रेक्षक त्या रात्री 'शेवट कळला नाही' म्हणत बाहेर पडतात. सोसायटीच्या चर्चांमध्ये मी पाहिलंय, की काही आठवड्यांनी हेच लोक बोलताना त्या सुट्टीच्या प्रसंगाकडे येतात, कारण कोर्टातला माणूस कोर्टाबाहेर कसा असतो हे तिथे उघडं पडलेलं असतं. असा शेवट उशिरा काम करतो. त्याच रात्री स्टार देणाऱ्या वहीत तो हमखास मार खाणार.

म्हणून पहिला बदल सुचवतो तो हा: त्या रात्री स्टार देऊ नका. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा, आणि त्या दिसलेल्या किंवा ऐकलेल्या असू द्या. 'अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर' अशी वाक्यं सहा महिन्यांनी कुठल्याही सिनेमाला लागू पडतात, त्यामुळे त्यांचा उपयोग शून्य. 'बाई फ्रिज उघडून उभी राहते आणि काहीच काढत नाही' असं लिहिलं, तर वर्षाअखेर तेवढ्याने सिनेमा परत उभा राहतो. चौथी ओळ परिस्थितीची: कुठे पाहिला, मोठ्या पडद्यावर की लॅपटॉपवर, एका बैठकीत की तुकड्यांत, दमलेले होतात का. माझ्या वहीत या ओळीने मला अनेकदा सावध केलंय. एखाद्या सिनेमापुढे 'अर्धा झोपेत' लिहिलेलं दिसलं, तर त्याच्यावर मत द्यायचा अधिकार मला पुन्हा पाहिल्याशिवाय नाही, एवढं तरी समजतं.

दुसरी नोंद महिना-दीड महिन्याने, वही न उघडता. काय आठवतंय ते लिहायचं आणि मग पहिल्या नोंदीशी ताडून पाहायचं. इथे फार गंमत असते. जोनाथन ग्लेझर यांचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट' पाहिला त्या रात्री मी भिंत, बाग, फुलं आणि कुटुंबाची न्याहारी असं काहीबाही लिहिलं होतं. नोंद थंडच होती. आऊश्वित्झच्या छळछावणीचा प्रमुख आणि त्याचं कुटुंब छावणीला लागून असलेल्या घरात सुखाने राहतं, आणि कॅमेरा त्या कुटुंबाला छावणीच्या आत कधी घेऊन जात नाही. पलीकडचं सगळं फक्त ऐकू येतं. काही आठवड्यांनी लिहायला बसलो तेव्हा चित्रं फिकट झाली होती आणि आवाज राहिले होते. या सिनेमाला उत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर का मिळालं हे मला पुरस्काराच्या बातमीपेक्षा त्या दुसऱ्या नोंदीने जास्त पटवलं. याच्या उलटही होतं. हॉल दणाणून सोडणारे, शिट्ट्या मिळवणारे काही सिनेमे महिन्याभरात इतके विरतात की पोस्टर समोर धरलं तरी नायकाचं नाव आठवत नाही.

पण आठवण म्हणजे गुणवत्ता, असा सरळ हिशेब मात्र मांडू नका. भडक गोष्टी आपोआप लक्षात राहतात. रक्त, किंकाळी, मोठा धक्का, लोकप्रिय गाणं यांना आठवणीत फुकट जागा मिळते. हळुवार सिनेमाला ती मिळवावी लागते. त्यामुळे दुसऱ्या नोंदीत मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: जे आठवतंय त्याच्याशी अजून काही विचार जोडला जातोय, की नुसतंच चित्र चिकटून बसलंय? धक्क्याचं दृश्य आठवतं पण त्यातून पुढे काही निघत नसेल, तर ते आठवणं फार मोलाचं नाही.

आता तुमच्या दहातल्या सातांकडे येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचं पारडं जड होण्याला दोन कारणं आहेत आणि त्यातलं एकच तुमच्या डोक्यात आहे. ताजं ते ठसठशीत, हे पहिलं. दुसरं कारण बाहेरचं: पुरस्कारांवर डोळा असलेले अमेरिकी सिनेमे मुद्दाम वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत लावले जातात, कारण ऑस्करची पात्रता कॅलेंडर वर्षावर चालते आणि मतदारांच्या आठवणीत ताजं राहायचं असतं. मोठे महोत्सवही ऑगस्ट-सप्टेंबरपासून ओळीने येतात आणि तिथले सिनेमे मागोमाग सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचतात. म्हणजे तुम्ही जर बरेचसे असे सिनेमे पाहत असाल, तर शेवटच्या तिमाहीत खरोखरच जास्त चांगलं पाहिलेलं असू शकतं. तुमच्या सातांत असे किती आहेत ते तुम्हीच तपासा. मुख्यतः भारतीय व्यावसायिक सिनेमे पाहत असाल, तर हे कारण लंगडं पडतं आणि दोष ताजेपणाकडे जातो.

ताजेपणाला मोठमोठे समीक्षकही फसतात, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सार्वकालिक श्रेष्ठ सिनेमांची मतं घेतं. पहिल्याच फेरीत वर आला व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज', जो तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. १९६२ मध्ये 'सिटिझन केन' पहिला आला आणि २०१२ पर्यंत तिथून हलला नाही. दे सिकांचा सिनेमा बराच खाली घसरला. त्याच १९६२ च्या यादीत दुसऱ्या स्थानावर होता इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनींचा 'लाव्हेन्तुरा', ज्याची दोनच वर्षांपूर्वी कानमध्ये प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. मतं इतक्या वेगाने दोन्ही दिशांना हलू शकतात. आपल्याकडे 'शोले'ला १९७५ च्या फिल्मफेअरमध्ये एकच पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. त्या वर्षाअखेरच्या कुणाच्या यादीत 'शोले' नसेल, तर तो माणूस तेव्हाच्या जाणत्या मताच्या फार बाहेर नव्हता.

ताजेपणावर मी वापरतो तो उपाय अगदी साधा आहे. वर्षाचे चार भाग पाडायचे आणि प्रत्येक तिमाही संपल्यावर त्या तिमाहीतले तीन-चार सिनेमे बाजूला काढायचे. वर्षाअखेर सगळ्या साठांतून निवड करायची नाही. या पंधराएक सिनेमांतूनच करायची. यामुळे फेब्रुवारीतल्या सिनेमाला निदान अंतिम फेरीचं तिकीट मिळतं. २०२४ मध्ये 'मंजुम्मल बॉईज' हा मल्याळम सिनेमा फेब्रुवारीत आला होता. मित्रांची सहल, गुणा गुहा, खोल दरीत पडलेला मित्र आणि त्याला काढायला उतरणारा दुसरा. गोष्ट एका वाक्यात संपते, पण खड्ड्याची खोली आणि दोर ओढणाऱ्या हातांचं वजन त्या सिनेमात अंगावर येतं. तिमाहीची नोंद नसती, तर डिसेंबरच्या गर्दीत 'हो, तोही बरा होता' एवढ्यावर तो सुटला असता.

आणखी एक: यादी ३१ डिसेंबरला जाहीर करायची सक्ती कुणी केलेली नाही. दैनिकांना आणि मासिकांना असते, तुम्हाला नाही. मी माझी यादी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडी ठेवतो. तोवर डिसेंबरातले सिनेमेही थोडे शिळे झालेले असतात, सुटलेले चार-दोन ओटीटीवर सापडतात, आणि इतरांच्या याद्या वाचून 'हा पाहायलाच हवा होता' असं जे वाटतं त्याचाही निकाल लावता येतो.

पुन्हा पाहावा का? इथे माझं मत ठाम नाही, ते सिनेमावर अवलंबून आहे. पॉलिन केल या अमेरिकी समीक्षिका सिनेमा एकदाच पाहतात असं अभिमानाने सांगत. पहिल्या भेटीत जे झालं तेच खरं, अशी त्यांची भूमिका. ती मला पूर्ण पटत नाही, पण तिच्यात तथ्य आहे. रहस्यावर उभ्या सिनेमाला दुसऱ्यांदा पाहणं हा अन्यायही ठरू शकतो आणि कसोटीही. मी अंतिम यादीच्या कडेला लटकणारे दोन-तीनच पुन्हा पाहतो. जे नक्की आत आहेत आणि जे नक्की बाहेर आहेत, त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

कुठला सिनेमा कुठल्या वर्षाचा, हा तुम्ही विचारलेला नसला तरी यादीत हमखास येणारा गुंता. 'कोर्ट' २०१४ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे पुरस्कार घेऊन आला. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो २०१४ साठी. थिएटरात लागला एप्रिल २०१५ मध्ये, आणि त्याच वर्षी भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. मग तो कुठल्या यादीत? हा गोंधळ जुना आहे. 'कॅसाब्लांका'चा पहिला खेळ न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर १९४२ मध्ये झाला, पण तो सर्वत्र लागला जानेवारी १९४३ मध्ये, म्हणून त्याचं ऑस्कर १९४३ च्या सिनेमांत मोजलं गेलं. सगळ्यात कहर चॅप्लिन यांच्या 'लाइमलाइट'चा. सिनेमा १९५२ चा; लॉस एंजेलिसमध्ये तो तेव्हा लागलाच नव्हता. तिथे तो १९७२ मध्ये लागला आणि संगीतासाठीचं ऑस्कर १९७३ मध्ये मिळालं.

माझा नियम: सामान्य प्रेक्षकाला, म्हणजे महोत्सवाचा पास नसलेल्या माणसाला, मी राहतो तिथे तो सिनेमा पहिल्यांदा वैध मार्गाने ज्या वर्षी पाहता आला, ते त्याचं वर्ष. थिएटर की ओटीटी हा भेद करत नाही. तुम्ही दुसरा नियम केलात तरी बिघडत नाही, फक्त तो यादीच्या डोक्यावर एका ओळीत लिहा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नका. त्याच ओळीत आणखी एक आकडा द्या: एकूण किती नवे सिनेमे पाहिले. पंधरा पाहून काढलेले दहा आणि दीडशे पाहून काढलेले दहा यांना एकाच मापाने वाचता येत नाही. खरं तर पंधरा पाहिले असतील तर दहा निवडूच नका, तीन निवडा.

मित्रांच्या चेष्टेबद्दल. मारधाड आणि संथ सिनेमा शेजारी बसू शकत नाहीत असं मानणाऱ्यांना मी नेहमी 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'बद्दल विचारतो. जवळजवळ सगळा सिनेमा म्हणजे पाठलाग. त्याला सहा ऑस्कर मिळाली, त्यात संकलनाचंही होतं, मार्गारेट सिक्सेल यांना. इतके झटपट कट असूनही कोण कुठे आहे हे कळत राहतं, कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवली आहे. डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. आता उलट टोकाला शांताल आकरमान यांचा १९७५ चा 'झान दीलमान'. दोनशे मिनिटं एक विधवा बटाटे सोलते, अंथरूण नीट करते, दिवे लावते-मालवते. दिग्दर्शिकेने प्रत्येक कामाला इतका वेळ दिलाय की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले तरी प्रेक्षक दचकतो. दोन्ही दिग्दर्शकांनी आपल्या प्रेक्षकाची नजर कुठे असेल याचा कमालीचा काटेकोर विचार केलाय. जो सिनेमा स्वतःसाठी जे काम नेमून घेतो ते पूर्ण करतो का, या कसोटीवर दोन्ही एका यादीत सुखाने बसतात. मित्रांची अडचण बहुधा अशी आहे, की त्यांना तुमच्या यादीतून तुम्ही 'कुठल्या गटाचे' ते वाचायचंय. ती सोय करून देण्याची जबाबदारी तुमची नाही.

तरी यादीत दोन स्तंभ ठेवायला हरकत नाही. सोसायटीत आम्ही दोन प्रश्न वेगळे विचारतो: यातला कुठला पुन्हा पाहाल, आणि यातला कुठला दुसऱ्याला आवर्जून पाहायला सांगाल? उत्तरं खूपदा वेगळी येतात. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' मी दुसऱ्याला सांगेन. सुट्टीच्या संध्याकाळी स्वतःहून लावणार नाही. काही हलकेफुलके सिनेमे मी कितीही वेळा पाहीन आणि कुणाला शिफारस करताना मात्र अडखळेन. दोन्ही प्रश्नांना ज्याचं नाव येतं, तो माझ्या यादीत फारशी चर्चा न करता शिरतो. वर्षात असे फार नसतात.

क्रमांकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लोक उगाच रक्त आटवतात. 'साइट अँड साउंड'च्या मतदानात प्रत्येक जण दहा नावं देतो आणि ती बिनक्रमांकाची असतात; प्रत्येक नावाला एक मत. तेव्हा एखादा सिनेमा पहिला येतो याचा अर्थ तो सगळ्यात जास्त लोकांच्या दहांत होता, इतकाच. कुणी त्याला आपला सर्वांत लाडका मानलं होतं की नाही, ते त्या पद्धतीत कळत नाही. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मतं दिली आणि 'व्हर्टिगो' पहिला आला; २०२२ मध्ये मतदार १,६३९ झाले आणि 'झान दीलमान' पस्तिशीच्या आसपासून थेट पहिल्या स्थानावर आला. दहा वर्षांत सिनेमात एक फ्रेमही बदलली नव्हती. मत देणारे बदलले होते. समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटच्या टक्केवारीचंही असंच आहे: ती किती टक्के समीक्षकांना सिनेमा निदान बरा वाटला ते सांगते, किती आवडला ते नाही. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला सिनेमा तिथे शंभर टक्के मिळवू शकतो, आणि अर्ध्यांनी डोक्यावर घेतलेला, अर्ध्यांनी फेकून दिलेला पन्नासवर अडकतो. माझ्या आवडत्यांत या पन्नासवाल्यांचं प्रमाण बरंच असतं. तुमच्या यादीत पहिले तीन ओळीने लावा, बाकीचे अकारविल्हे. चौथा आणि सातवा यांत फरक सांगता येतो असा दावा करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मालिकांचं काय, असंही तुम्ही कंसात विचारलंय. फ्रान्सच्या 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकाने २०१७ च्या यादीत डेव्हिड लिंच यांची 'ट्विन पीक्स: द रिटर्न' ही टीव्ही मालिका पहिल्या क्रमांकावर ठेवली होती आणि त्यावर भरपूर वाद झाला. मी मालिका वेगळ्या ठेवतो. आठ-दहा भागांत पसरलेल्या गोष्टीला विसाव्याच्या, सवयीच्या, पात्रांशी सलगी वाढण्याच्या ज्या सोयी मिळतात त्या दोन तासांना मिळत नाहीत. तुम्हाला एकत्र ठेवायच्या असतील तर ठेवा, फक्त मग आकड्याच्या ओळीत तेही लिहा.

आता माझी यादी. पूर्ण देत नाही, कारण या वर्षाची अजून उघडी आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांतले जे टिकले त्यांच्याबद्दल सांगतो.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ च्या कानमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला, तेव्हा अपेक्षा भलत्याच वाढल्या होत्या, आणि तरीही तो पुरून उरला. लोकांना पहिला, मुंबईतला भाग जास्त आवडतो, मला दुसरा. मुंबईच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या तिघी जणी कोकणातल्या गावी जातात आणि सिनेमाचा श्वासच बदलतो. त्यांच्यातल्या प्रभाच्या बाबतीत किनाऱ्यावर जे घडतं ते खरं की तिने रचलेलं, हे दिग्दर्शिका सांगत बसत नाही. छाया कदम यांची पार्वती तर अशी, की बाकीच्या दोघींची गोष्ट चालू असतानाही तिचं काय चाललं असेल असं वाटत राहतं.

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ च्या सनडान्स या अमेरिकी महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर आपण संघर्षाचा मोठा प्रसंग कधी येतो याची वाट पाहतो, आणि हा सिनेमा ती वाट पाहायला लावून काहीतरी वेगळंच देतो. आई आणि मुलगा यांच्यातलं न बोलता झालेलं समजून घेणं मला त्या प्रेमकथेइतकंच महत्त्वाचं वाटलं. सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये थिएटरात आला, म्हणून माझ्या नियमाने तो २०२५ चा. त्या वर्षीच्या पहिल्या तिनांत तो नक्की आहे.

ज्याच्यावर माझा निर्णय अजून झालेला नाही, तो नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. शोएब आणि चंदन या दोन मित्रांची, पोलीस भरतीच्या आशेपासून टाळेबंदीतल्या परतीच्या वाटेपर्यंतची गोष्ट. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा दोघेही उत्तम. मी पाहिला तेव्हा शेवटी आख्खा हॉल हुंदके देत होता, मीही कोरडा नव्हतो. आणि नेमकं त्यामुळेच मी तो बाजूला ठेवलाय. वर म्हटलं तसं, अशा शेवटाच्या रात्री मतं द्यायची नसतात. दुसऱ्या नोंदीत मला शेवटापेक्षा मधला नोकरीच्या फॉर्मवर जात लिहायची की नाही हा पेच जास्त आठवला, हे लक्षण चांगलं आहे. कडेला लटकलेल्या दोघा-तिघांत तो आहे. तो पुन्हा पाहीन आणि मगच यादी बंद करेन.

तुमच्या वहीतल्या त्या तीन स्टारवाल्या एक-दोन सिनेमांची नावं मात्र तुम्ही दिलेली नाहीत. ती खाली लिहा. साडेचारवाल्यांपेक्षा मला त्यांच्याबद्दल ऐकायला आवडेल.